कातडं न काढलेलं वासरू

१

मुगोले मेली आहे, हे कोबुसिंग्येला जीप थांबायच्या आधीच कळलं. जिवंत बिबट्या सकाळच्या उन्हात पाणवठ्याच्या काठावर असा उघड्यावर पाय ताणून पडत नसतो. मागच्या सीटवरच्या चार पाहुण्यांनी मात्र कॅमेरे सरसावले. "झोपलीय," असं त्यातला एक जण हलक्या आवाजात म्हणाला, आणि तिने ड्रायव्हरला जीप थांबवायला सांगितलं.

किरेगाचं राष्ट्रीय उद्यान एवढंसं, की सकाळच्या एका फेरीत जीप या टोकावरून त्या टोकाला लागते. इथे सिंह नाहीत, हत्ती नाहीत, गेंडे तर चित्रातच. मोठ्या उद्यानांतले गाइड इथल्या गाइडांना बकऱ्या दाखवणारे म्हणून चिडवतात. झेब्रे, हरणं, पाणघोडे आणि दिवसाढवळ्या तोऱ्यात चालणारी ही एक बिबट्याची मादी, एवढ्यावर किरेगाचा संसार चालायचा. मुगोले म्हणजे नवरी. हे नाव कोबुसिंग्येनेच ठेवलं होतं, नऊ वर्षांपूर्वी, ती इथली पहिली बाई गाइड झाली त्या वर्षी.

सकाळ तशी रोजच्यासारखीच सुरू झाली होती. लॉजवाल्यांनी दिलेल्या न्याहारीच्या डब्यात सॉसेज होते, ते तिने नेहमीप्रमाणे ड्रायव्हरला देऊन टाकले. ती घरून दूध पिऊन निघाली होती, आणि ती ज्या घरात वाढली तिथे मांस आणि दूध एकापाठोपाठ एका तोंडात जात नाही. मांस खाल्लं, की दुसऱ्या दिवशीचा सूर्य मावळेपर्यंत दुधाला शिवायचं नाही. शिवलं तर घरची गाय आटते, गाभण असली तर वासरू दगावतं. शिकलेली माणसं याला हसतात. कोबुसिंग्येही शिकलेली होती, पण खरंखोटं करून बघायच्या भानगडीत ती कधी पडली नव्हती. मागे बसलेल्या वयस्क पाहुण्या बाई वाटभर कुरकुरत होत्या. आदल्या संध्याकाळी लॉजवर बोकड भाजलं ते झकास होतं, पण मग लॉजमागे एक गाय रात्रभर हंबरत राहिली आणि त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

कोबुसिंग्ये खाली उतरली. मुगोलेच्या तोंडाशी फेस वाळला होता. चार पावलांवर लव्हाळ्यात एक तांबडं वासरू पडलं होतं, मागून खाल्लेलं, आणि त्याच्या अंगाला एक उग्र वास होता. गुराख्याच्या पोराला तो वास ओळखायला शिकवावं लागत नाही. ते गोचिडाचं औषध होतं.

टेकडीवरच्या चौकीतून वनरक्षक बारिग्ये खांद्याला बंदूक लावून खाली आला. सव्वीस वर्षं नोकरी झालेला माणूस, तिच्या बापाचा शेजारी. लहानपणी तिला मातीतले ठसे ओळखायला यानेच शिकवलं होतं. मेलेल्या बिबट्याकडे त्याने धड पाहिलंही नाही.

"वासराचा कान बघ, पोरी," तो म्हणाला.

वासराच्या डाव्या कानाला दोन खाचा होत्या. किरेगाच्या आसपास चाळीस घरं गुरं राखतात आणि प्रत्येक घराची खूण वेगळी. डाव्या कानाला दोन खाचा, ही एकाच घरची खूण होती. कातुंगीच्या, म्हणजे तिच्या बापाच्या.

२

वॉर्डन मुगारुरा वाईट माणूस नव्हता. फक्त कुठलंही प्रकरण दुपारच्या जेवणाआधी मिटलेलं त्याला आवडायचं, आणि हे तर आपणहून मिटून त्याच्या टेबलावर आलं होतं. गेल्या आठवड्यात मुगोलेने कातुंगीचं वासरू मारलं होतं. त्यावर कातुंगी भर बाजारात म्हणाला होता की, आणखी एकाला हात लावला तर मी तिला कायमची झोपवीन. हे ऐकायला अर्धा बाजार हजर होता.

बारिग्येने बायबलवर हात ठेवून सांगितलं ते असं. काल दुपारपासून तो चौकीवर होता, क्षणभरही खाली उतरला नाही. डबा आलाच नाही, त्यामुळे पोटात कालपासून अन्नाचा कण नाही. सूर्य बुडताना त्याने कातुंगीला पाणवठ्याकडे काहीतरी ओढत नेताना पाहिलं. गुरांचं काही असेल म्हणून हटकलं नाही, चूक झाली.

कोबुसिंग्ये ऐकत राहिली. तिला बापाचा राग येत होता, बारिग्येचा येत नव्हता, आणि हे तिला नंतर बरेच दिवस लागून राहिलं. कालपासून उपाशी असलेल्या माणसाला आपल्याकडे जे देतात तेच तिने दिलं. बरोबरच्या, धुरी दिलेल्या लाकडी चरवीचं टोपण काढून गार दूध त्याच्यापुढे धरलं.

बारिग्येने हात मागे घेतला. "नको, पोरी. पोटात कळा येतायत."

मग तो घरच्या गाईचं बोलत बसला. आज-उद्या विणार आहे, पहिलंच वेत आहे, घरी बायको एकटी आहे, तेव्हा साहेबांनी लवकर सोडलं तर बरं. तेवढ्यात कारकुनाने भाजलेली केळी आणली. बोलता बोलता बारिग्येने चार केळी संपवली.

मुगारुराने फाइल पुढे ओढली. दुपारी चारला मुख्यालयातल्या बाई येणार होत्या. त्यांची सही झाली की कातुंगी पोलिसांच्या ताब्यात, आणि गुराख्यांची पाण्याची वाट कायमची बंद. कोरड्या महिन्यांत रोज दुपारी चाळीस घरांची गुरं त्या वाटेने पाणवठ्यावर येत. दुसरं पाणी दीड दिवसाच्या चालीवर होतं. लॉजवाले तीन वर्षं ती वाट बंद करा म्हणून मागे लागले होते, कारण लांब शिंगांची गुरं मधे आली की पाहुण्यांचे फोटो बिघडतात.

"तुझा बिल्लाही ठेव इथे," मुगारुरा म्हणाला. "बापाचं प्रकरण मिटेपर्यंत तू गाइड नाहीस."

"चारला ठेवीन."

"मी आत्ता म्हणतोय."

"ऐकलं मी, साहेब. सही चारला होणार, तर बिल्लाही चारला. त्याच्या आधी हवा असेल तर ओढून घ्या." ती चरवी उचलून बाहेर पडली. मागून कुणी उठलं नाही.

३

कातुंगी काटेरी कुंपणाच्या गोठ्यात बसला होता. समोर एक वासरू उभं होतं, पण ते वासरू नव्हतं. मुगोलेने मारलेल्या वासराचं कातडं काढून, त्यात गवत भरून, चार काठ्यांवर ते उभं केलं होतं. त्याची आई त्याला चाटत होती आणि कातुंगीची धाकटी सून निवांत दूध काढत होती.

"तू मारलंस तिला?" कोबुसिंग्येने सरळ विचारलं.

"मारीन म्हणालो होतो. ते मी कुठे नाकारतो?"

"मारलंस का, ते विचारतेय मी."

"मारलं असतं तर त्या वॉर्डनच्या दारात जाऊन सांगितलं असतं. माझं वासरू खाल्लं तिने. लपायला मी काय चोर आहे?"

हा माणूस चौकशीत असंच बोलणार आणि स्वतःच्या हाताने गळ्यात फास अडकवून घेणार, हे तिला दिसत होतं. तिने पाणवठ्यावरच्या वासराचं सगळं सांगितलं. तांबडा रंग, कपाळावर पांढरा टिकला, कानाच्या खाचा, औषधाचा वास. टिकल्याचं ऐकून म्हातारा फिस्कन हसला. त्याच्या गोठ्यात चार पिढ्या गर्द तांबड्याशिवाय रंग नव्हता, आणि हे तिला सांगावं लागावं याचंच त्याला हसू आलं. मग त्याने विचारलं, "कातडं कुणी काढलं?"

"कुणीच नाही. अंगावरच आहे."

कातुंगीच्या हातातली काठी खाली आली. बिबट्या मेल्याचं ऐकून तो एवढा हादरला नव्हता.

"कातड्यासकट टाकलं? आणि आईपुढे काय उभं केलं त्यांनी?"

"म्हणजे? करत नाहीत का असं कुणी?"

"आपल्यातला कुणी? मेलेल्या वासराचं कातडं फेकेल?" त्याने समोरच्या गाईकडे हात केला. "ही बघ. कातडं चाटते म्हणून पान्हा सोडते. ते नसतं तर हिने पान्हा चोरला असता आणि रात्रभर हंबरून गाव डोक्यावर घेतलं असतं. ज्या घरचं ते वासरू आहे, त्या घरात आज दूध नाही. तू शिकलेली ना? मग बिबट्याचा मारेकरी कशाला हुडकतेस? गाय हुडक."

कोबुसिंग्ये कुंपणाबाहेर पडली. रात्रभर हंबरलेल्या गाईबद्दल आज सकाळीच कुणीतरी तिच्याकडे तक्रार केली होती.

४

लॉजवर जाण्याआधी तिने वॉर्डनच्या आवारातल्या शेडमध्ये ठेवलेलं वासरू पुन्हा नीट पाहिलं. सकाळी बापाच्या नावाने तिचे डोळे फिरले होते, आता ते जागेवर होते. कानाच्या खाचा कोरड्या होत्या, कडेला रक्ताचा थेंब नाही, खपली नाही. जिवंत कान कापला तर रक्त येतं. हा कान वासरू मेल्यावर कापला होता. अंगावर एकही गोचीड नव्हता, आणि या कोरड्या महिन्यात तसं वासरू आख्ख्या किरेगात सापडणार नाही. औषधाचा वास होता तो केसांना आणि कातड्याला. आतल्या मांसाला तो जवळजवळ नव्हताच. बिबट्यासाठी विष पेरणारा माणूस ते मांसात पेरतो. वासराला आंघोळ घालत बसत नाही.

लॉजचा मॅनेजर किगुंडू राजधानीहून आलेला, इस्त्रीचा आणि गोड बोलणारा. पाहुण्यांना सकाळी दूध काढताना बघायला आवडतं म्हणून त्याने लॉजमागे लांब शिंगांच्या तीन गाई ठेवल्या होत्या, त्यातल्या एकीच्या कपाळावर पांढरा टिकला होता. मुगोलेबद्दल त्याने फार हळहळ दाखवली. मग म्हणाला की, निदान आता पाणवठा तरी शांत होईल.

"पाहुणी आले आहे," कोबुसिंग्ये म्हणाली. "एक पेला दूध मिळेल?"

किगुंडूने आत सांगितलं. बऱ्याच वेळाने दुधाच्या पावडरीचा चहा आला. गाईंचं दूध पाहुण्यांत संपलं, असं तो म्हणाला. टिकल्याच्या गाईचं वासरू कुठे दिसत नाही, असं तिने विचारल्यावर ते परवाच एका व्यापाऱ्याला विकल्याचं त्याने सांगितलं. व्यापाऱ्याचं नाव त्याला आठवलं नाही. गुरांचं आम्हाला काय कळतं, असंही तो हसत म्हणाला, आणि दिवसभरात त्याने बोललेलं तेवढंच वाक्य खरं होतं.

मागच्या अंगणात कपाळावर पांढरा टिकला असलेली गाय दाव्याला हिसके देत होती. हंबरून हंबरून तिचा आवाज बसला होता, आचळं तटतटली होती. स्वयंपाकीण न्यांगोमा तिला गवत घालत होती आणि गाय त्याला तोंड लावत नव्हती.

"मावशी, वासरू केव्हा मेलं?"

न्यांगोमाने आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात सांगितलं. फोटोत गोचीड दिसले की पाहुणे तोंडं वाकडी करतात, म्हणून काल दुपारी साहेबांनी स्वतः औषधाची बाटली आणली आणि पाण्यात न कालवता वासरावर ओतली. ती नको नको म्हणत होती. दिवस कलायच्या आत वासरू पाय झाडून गेलं. बाहेर बोकडाची तयारी चालली होती, पाहुण्यांना दिसू नये म्हणून ते कुणीतरी गोणपाटात गुंडाळून नेलं.

"कुणी?"

"मी शेगडीपाशी होते. बघितलं नाही. आणि बघितलं असतं तरी चार लोकांत बोलले नसते, बाई. तीन लेकरं आहेत माझी."

कोबुसिंग्येने तिला आणखी आग्रह केला नाही. साक्षीदार गेला, पण कोडं आता एवढंच उरलं होतं. पाणवठा टेकडीवरच्या चौकीच्या बरोबर खाली आहे. तिथे वासरू आणून टाकणारा चौकीवरच्या माणसाला दिसणारच. बारिग्येने त्याला पाहिलं आणि तो कातुंगी होता असं खोटं सांगितलं, किंवा मग बारिग्ये चौकीवर नव्हताच. पण नव्हता हे सिद्ध कसं करायचं? बायबलवर हात ठेवून सांगणाऱ्या, सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसापुढे गुराख्याच्या लेकीचं कोण ऐकणार?

ती अंगणातल्या दगडावर बसली. तहान लागली म्हणून तिने चरवीचं टोपण काढलं, आणि चरवी तोंडाशी नेता नेता तिचा हात थांबला. तिला ती चार केळी आठवली. साडेतीन वाजले होते. दूध तसंच ठेवून तिने टोपण घट्ट बसवलं आणि धावत सुटली.

५

मुख्यालयातल्या बाई पेन उघडून बसल्या होत्या. एका बाजूला कातुंगी आणि त्याच्याशेजारी शिपाई. दुसरीकडे बारिग्ये, आणि पाणवठ्याच्या शेजाऱ्यांचं म्हणणं मांडायला आलेला किगुंडू. कोबुसिंग्येने बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

"चारला देते म्हटलं होतं. आता माझं ऐका, मग सही करा."

तिने वासराचा कान सांगितला, कातडं सांगितलं, गोचीड सांगितले, लॉजमागची टिकल्याची गाय सांगितली. न्यांगोमाचं नाव तिने घेतलं नाही. मुगोलेला मारायचं कुणाच्याच मनात नव्हतं, ती म्हणाली. अडाणीपणाने मेलेलं एक वासरू लपवायचं होतं. ते टाकलं पाणवठ्यावर, मुगोलेने औषधात भिजलेल्या कातड्यासकट खाल्लं, आणि सकाळी ती मेलेली दिसल्यावर कुणीतरी चाकू काढून कानाला दोन खाचा पाडल्या.

किगुंडू हसला. "कातडं आणि पान्हा. बाई, या गुराख्यांच्या समजुती आहेत. यावर सरकारी फाइल थांबवायची का? आमचं वासरू मी विकलंय. आणि वनरक्षकाने डोळ्यांनी पाहिलेलं आहे."

"तेच बघू," कोबुसिंग्ये म्हणाली. तिने चरवी उघडली, पेल्यात दूध ओतलं आणि पेला बारिग्येपुढे ठेवला. "काका, कालपासून चौकीवर उपाशी होतात ना? घ्या. प्या."

बारिग्येने पेल्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. "पोटात कळा..."

"सकाळी चार केळी खाल्लीत. साहेबांनी बघितलंय."

मुगारुराने मान हलवली. तोही गुराख्याचाच मुलगा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरत होतं. मुख्यालयातल्या बाई दुसऱ्या मुलखातल्या. त्या कधी पेल्याकडे, कधी माणसांकडे बघत होत्या.

"प्या की," कोबुसिंग्ये पुन्हा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण तिचा राग खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू येत होता. "पुस्तकावर हात ठेवून माझ्या बापाला तुरुंगात पाठवलंत. चाळीस घरांच्या गुरांचं पाणी तोडलंत. तेव्हा हात थरथरला नाही. हे तर नुसतं दूध आहे. एक घोट घ्या, मी इथेच तुमची माफी मागते आणि बिल्ला सोडून घरी जाते."

बारिग्येने पेला उचलला. ओठांपर्यंत नेला. सगळे बघत होते, आणि सगळ्यांत जास्त कातुंगी. मग बारिग्येचा हात खाली आला आणि थोडं दूध फाइलवर सांडलं.

"माझी गाय विणार आहे," तो म्हणाला.

मुगारुराने डोळे मिटले. "मांस खाल्लंय याने," त्याने बाईंना सांगितलं. "काल रात्री. आणि चौकीवर मांस येत नाही."

किगुंडू काहीतरी बोलू लागला, पण बारिग्ये एकदा सुटल्यावर थांबला नाही. लॉजवर बोकड आहे म्हणून तो संध्याकाळी चौकी सोडून खाली गेला. किगुंडूने त्याला एक तंगडी दिली आणि वासरू लांब नेऊन पुरायला सांगितलं. औषधाच्या वासाने कातडं काढायला हात धजेना. खड्डा खणायचा कंटाळा आला, अंधार पडत होता, म्हणून लव्हाळ्यात टाकलं. सकाळी मुगोले दिसली आणि सव्वीस वर्षांची नोकरी डोळ्यांपुढून गेली. "मी पळत लॉजवर गेलो. खाचा पाडायचं यांनी सुचवलं," त्याने किगुंडूकडे बोट केलं. "पाडल्या मी. कातुंगी तसाही बोलून बसला होता, म्हणून."

कातुंगीने एवढ्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं. "शेजारी म्हणून तरी दुसऱ्या कुणाच्या खुणेच्या खाचा पाडायच्या होत्यास," तो म्हणाला.

६

बाईंनी पेन मिटलं. किगुंडूचं काय करायचं ते पोलीस बघतील, असं त्या म्हणाल्या. पाण्याच्या वाटेची सवलत तूर्त मेहरबानी म्हणून चालू राहील, लेखी हुकमाचं मात्र आज लगेच जमणार नाही.

"बंद करायचं आज चारला जमत होतं," कोबुसिंग्ये म्हणाली. "मग चालू ठेवायचंही चारलाच जमेल. मेहरबानी नको आम्हाला. ही गुरं या उद्यानाच्या आधीपासून तिथे पाणी पितात. तसं लिहा."

बाईंनी मुगारुराकडे पाहिलं. मुगारुरा खिडकीतून बाहेर बघत होता. शेवटी त्यांनी दुधाने भिजलेला कागद बाजूला काढला आणि नवा घेतला.

फाटकाबाहेर चाळीस घरांची गुरं तासभर उन्हात उभी होती. आडवा दांडा उचलायचा हुकूम आपल्याकडे अजून आला नाही, असं पहारेकरी सांगत होता. कोबुसिंग्येने बिल्ला पुन्हा छातीवर लावला, दोन्ही हातांनी दांडा उचलला आणि शेवटची गाय आत जाईपर्यंत धरून ठेवला. लॉजच्या गच्चीवरून पाहुणे फोटो काढत होते. पाणवठ्याच्या काठावर मुगोलेची जागा रिकामी होती, आणि आता मात्र तिला रडू आवरलं नाही. नऊ वर्षं तिने त्या मादीला जगापुढे मिरवलं होतं, आणि ती एका भाजलेल्या तंगडीपायी गेली होती.

गुरं पाणी पिऊन परत फिरली, तेव्हा कातुंगी कळपाबरोबर घराकडे वळला नाही. काठी खांद्यावर टाकून तो दुसऱ्याच पायवाटेला लागला.

"कुठे निघालास, बा?"

"बारिग्येकडे. तो पोलिसांत अडकला. गाय पहिलटकरीण आहे, बायको एकटी काय करणार?"

"त्याच्या घरी? आजच?"

"खोटं तो बोलला," कातुंगी न थांबता म्हणाला. "गाय नाही बोलली. येतेस का? वासराचे पाय ओढायला दोघं लागतील."

कोबुसिंग्येने डोळे पुसले, बाह्या वर सारल्या आणि ती त्याच्या मागे निघाली.